टॅरीडोरचा दुसरा साक्षीदार

“सर, या कार्डाला दुसरा साक्षीदार नाही.”

रणभिसे सर पाठमोरे बसले होते. ते नेहमी तसेच बसत. टेबल खिडकीला लावलेलं, तोंड खिडकीकडे आणि पाठ दाराकडे. बाजूच्या लहान टेबलाशी कार्डांची पेटी पुढ्यात घेऊन मी बसले होते.

“कोणतं कार्ड?” त्यांनी न वळताच विचारलं.

“टॅरीडोर.”

त्यांचं पेन थांबलं. मग पुन्हा चालू झालं.

“राहू द्या ते, कोष्टीबाई. पुढचं घ्या.”

तेरा महिने मी त्या खोलीत रोज दुपारी बसत होते, पण सरांच्या तोंडून ‘राहू द्या’ पहिल्यांदाच ऐकत होते.

ही १९८४च्या जानेवारीतली गोष्ट, मिरजेतली. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते आणि मुलींच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. सकाळची शाळा सुटली की डबा खाऊन सरांकडे जायचं, असा माझा क्रम होता. चुका काढणं माझ्या अंगातच होतं. इचलकरंजीला वडील मागावर बसत, आणि विणलेल्या लुगड्यात एक धागा चुकला तरी मला तो लांबून दिसे. पुढे तोच डोळा मुलींच्या वह्यांवर फिरू लागला. मुली माझ्यामागे मला ‘लाल शाई’ म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

शांतवन रणभिसे कॉलेजातून इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. सव्वीस वर्षं ते एकच काम करत होते. इंग्रजीत एके काळी चालणारे आणि आता कोणी न बोलणारे शब्द शोधायचे, आणि मराठीत त्यांचा अर्थ लिहायचा. कोशाचं नावच होतं ‘वापरातून गेलेले इंग्रजी शब्द’. मिरजेत बसून हे कोणासाठी करायचं, असं लोक विचारत. सर म्हणत, “ज्याला कोणी विचारत नाही, त्याची चौकशी कोणीतरी करायला नको का?”

आणि शब्द तरी कसले एकेक! दुसरा जेवत असताना त्याच्या घासाकडे आशाळभूतपणे बघत बसणं, याला म्हणे इंग्रजीत ‘ग्रोक’ असा शब्द होता. अन्नाला कोणे एके काळी ‘बेलीटिंबर’, म्हणजे पोटाला लागणारं लाकूड, म्हणत. चूक दाखवून दिल्यावरही जो तीच धरून बसतो तो ‘मम्पसिमस’. तो शब्द आला तेव्हा मी सरांकडे बघून हसले, सर माझ्याकडे बघून हसले. आम्ही दोघंही त्यातलेच होतो.

कार्डं पोस्टकार्डाएवढी. पुढच्या बाजूला शब्द आणि अर्थ, पाठीमागे साक्षीदार. साक्षीदार म्हणजे तो शब्द जिथे सापडला ते जुनं पुस्तक आणि पानाचा आकडा. असे दोन हवेत म्हणजे हवेतच. “चर्चमधल्या लग्नालासुद्धा दोन साक्षीदार लागतात,” सर म्हणत, “मग शब्दाला नकोत?” एकच साक्षीदार असलेलं कार्ड पेटीत थांबून राही, आणि छपाईआधी दुसरा मिळाला नाही तर बाहेर जाई. ‘अ‍ॅप्रिसिटी’ नावाचा शब्द मला फार आवडला होता. हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब, असा त्याचा अर्थ. साक्षीदार एकच होता. मी चार दिवस रदबदली केली. सरांनी ऐकून घेतलं आणि कार्ड काढून माझ्याच हातात ठेवलं. मला राग आला, पण माणूस शब्दाला पक्का आहे म्हणून आदरही वाटला.

विद्यापीठाच्या एका समितीनं कोश छापायचं कबूल केलं होतं. अट एवढीच, की प्रत्येक शब्दाला दोन साक्षीदार असल्याची खात्री बाहेरच्या माणसानं करावी आणि तसं सहीनिशी लिहून द्यावं. ते बाहेरचं माणूस मी. सोमवारी कागद जायचा होता. तो गेला नसता, तर सव्वीस वर्षांचं काम पेट्यांतच राहिलं असतं. सरांचा दमा बघता दुसरी संधी येईल असं कोणालाच वाटत नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही.

आणि आता गुरुवारी, अगदी शेवटच्या पेटीत, हे कार्ड.

मी ते नीट पाहिलं. बाकीची कार्डं कोरी करकरीत, याचे कोपरे हाताळून मऊ पडलेले. शाई जुनी, तपकिरी झालेली. पाठीमागे एकच नोंद: ‘शां. १९६१’. दुसरी ओळ रिकामी. आमच्या सगळ्या पुस्तकांच्या खुणा भिंतीवर एका तक्त्यात लिहिलेल्या होत्या, त्यात ‘शां.’ कुठेच नव्हतं. आणि १९६१? आमचा सगळ्यात नवा साक्षीदारसुद्धा शंभर वर्षांपूर्वीचा होता.

“सर, ‘शां.’ म्हणजे कोणतं पुस्तक?”

“ते तुम्हाला मिळणार नाही.”

“मग कार्ड काढू?”

“नाही.” एवढं म्हणून त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ते म्हणाले, “ते राहणार.”

तेवढ्यात दाराच्या चौकटीवर दोनदा टकटक झाली. चार वाजले होते. सुगंधाकाकूंनी उंबऱ्याबाहेरच्या स्टुलावर चहाचा ट्रे ठेवला होता आणि त्या परत निघालेल्या होत्या. हे रोजचंच. सरांच्या पत्नी इस्पितळात नर्स होत्या, आता निवृत्त. बोलायला चांगल्या होत्या, मला जाताना हटकून काहीतरी खायला बांधून देत. पण त्या खोलीत त्यांना मी कधी पाऊल टाकताना पाहिलं नव्हतं. केरसुद्धा सरच काढत, दम लागला तरी. मला वाटायचं, बाईंना नवऱ्याच्या कामाची किंमत नाही. औषधांच्या बाटल्यांचे जुने लाकडी खोके, ज्यांत आमची कार्डं होती, ते त्यांनीच कधी काळी इस्पितळातून आणून दिलेले होते, हे मला माहीत होतं. तरी मी त्याचा काही विचार केला नव्हता.

शुक्रवारी मी शाळेतून रजा टाकून सकाळीच आले. सर दवाखान्यात गेले होते. मी एकेक पुस्तक काढून तपासलं. ‘टॅरी’ सापडला, तो तर साधा शब्द, म्हणजे थांब. ‘डोर’ म्हणजे दार, हे पाचवीतली मुलगीही सांगेल. पण दोन्ही जोडून केलेला शब्द कुठेच नव्हता. दुपारपर्यंत धुळीनं माझे हात काळे झाले आणि डोकं तापलं. हा शब्द कधी कोणी बोललेलाच नव्हता. सरांनी तो बनवला होता. माझं ‘अ‍ॅप्रिसिटी’ काढून टाकणाऱ्या माणसानं स्वतःचा एक खोटा शब्द गुपचूप आत सरकवला होता, आणि त्याखाली माझी सही व्हायची होती.

सर साडेतीनला आले. मी त्यांना पाणीही विचारलं नाही.

“सर, हा शब्द तुम्ही बनवलाय.”

ते खुर्चीत बसले, खिडकीकडे तोंड करून.

“मी नाही बनवला.”

“मग ‘शां.’ कोण?”

“मी. शांतवन.” ते म्हणाले, “मी तो माझ्या कानांनी ऐकलाय, कोष्टीबाई. १९६१ साली. रोज ऐकत होतो.”

“ऐकलेल्याला काय अर्थ आहे? तुम्हीच सांगता ना, एकट्याची साक्ष म्हणजे साक्ष नव्हे?”

“म्हणून तर थांबलोय. दुसरा साक्षीदार आहे.”

“कुठे आहे? तेवीस वर्षं झाली. सोमवारी कागद जायचाय. त्यांना विचारलंत का कधी?”

“नाही.”

“का?”

“धीर झाला नाही.”

मला हे सगळं वेड्यासारखं वाटलं. एवढा कोश एका कार्डावर अडून बसतो आणि हे म्हणतात धीर झाला नाही. माझा आवाज चढला. वडीलधाऱ्या माणसासमोर असा आवाज मी आधी कधी चढवला नव्हता, आणि नंतरही नाही.

“सर, मी सही करणार नाही. तुम्हाला सव्वीस वर्षांच्या कामापेक्षा हे एक कार्ड जास्त आहे का? आहे तरी काय असं यात?” मी ते कार्ड उचललं आणि वर्गात वाचावं तसं मोठ्यानं वाचलं. “टॅरीडोर. अर्थ: आतलं माणूस काम संपवून आपल्याकडे कधी येईल, याची वाट पाहत दाराशी गप उभं राहणं.”

बाहेर स्टुलावर कपबश्या वाजल्या. रोजची टकटक मात्र झाली नाही.

“परत वाचा, बाई.”

मी वळून पाहिलं. सुगंधाकाकू उंबऱ्यापलीकडे उभ्या होत्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. सर वळले नाहीत, पण त्यांचे खांदे ताठ झालेले मला दिसले.

मी परत वाचलं, या खेपेला हळू.

“अर्थ चुकलाय,” काकू म्हणाल्या.

मी कार्डाकडे पुन्हा पाहिलं.

“गप कधी उभी राहायची ती? एका पायावर उभी राहायची. या चौकटीला धरून.” त्यांनी चौकटीवर हात ठेवला, जमिनीपासून जेमतेम तीन फुटांवर. तिथला रंग घासून गेलेला होता. तेरा महिने ते मला दिसलं नव्हतं, चुका हेरणारीला. “यांनी सांगितलेलं, शंभर मोज, मग येतो. मोठ्यानं मोजायची. सत्तरनंतर चुकायची आणि पुन्हा साठपासून धरायची. पाय बदलायची. तुमची पाठ होती इकडे. तुम्हाला कसं दिसणार?”

“मोजायची?” सर म्हणाले. “कामात मला काही ऐकूच यायचं नाही.”

“रोज मोजायची. मी सुट्टीवर असले की स्वयंपाकघरातनं ऐकायची.”

“मला वाटायचं,” सर थांबले, “ती नुसतं येऊन सांगते, ‘बाबा, मी टॅरीडोर करतेय’, आणि जाते.”

मला आता कुठे उमगायला लागलं. मी खुर्चीवर बसले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मला सांगितलं. मी परकी होते, म्हणूनच बहुधा सांगता आलं.

“सलोमी. आमची मुलगी. पाच वर्षांची. काम करताना कोणी आलं की हे म्हणायचे, टॅरी, टॅरी. म्हणजे थांब. मग तिनं आपला शब्द केला. बाबा शब्द गोळा करतात, तर आपणही एक द्यावा, असं तिला वाटायचं.” काकूंच्या बोलण्यात नर्सचा सपाटपणा होता, तापाचा आकडा सांगावा तसा. “त्या दिवशी माझी दिवसपाळी होती. सकाळी घसा लाल दिसला. म्हटलं, दुखलं तर बाबांना सांग. संध्याकाळी आले, तर इथेच उभी. दोन्ही पायांवर. डोकं चौकटीला टेकलेलं, अंग भाजत होतं. तोंड उघडून बघितलं, तर घशात पांढरा पडदा धरलेला. घटसर्प. सकाळी सुई मिळाली असती तर... तिसऱ्या दिवशी गेली.”

“मी म्हटलं होतं, टॅरी,” सर खिडकीशी बोलावं तसं बोलले. “दुपारी आली ती. मला तिची चाहूल लागली. मी म्हटलं, टॅरी, एवढं कार्ड होऊ दे. ती काहीच बोलली नाही. मला बरं वाटलं, सुगंधा. आज गप उभी आहे, त्रास देत नाही म्हणून बरं वाटलं.”

स्टुलावरच्या चहावर साय धरली होती. मग काकू म्हणाल्या, “तुम्ही एकाच दिवसाचा अर्थ लिहून ठेवलात. शेवटच्या दिवसाचा. बाकीचे दिवस कुठे गेले तिचे?”

सर वळले. खुर्चीसकट वळायला त्यांना वेळ लागला. त्यांचा चेहरा ओला होता आणि तो पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

“मला बाकीचे दिवस माहीत नाहीत,” ते म्हणाले. “तुलाच माहीत आहेत. म्हणून दुसरी ओळ रिकामी ठेवली.”

काकूंनी उंबरा ओलांडला. घरातल्याच एका खोलीत शिरायला त्यांना तेवीस वर्षं लागली होती, आणि चालल्या मात्र चार पावलं. माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी कार्डासाठी हात पुढे केला. मी दिलं. काल आणि आज मी काय काय बोलले, ते सगळं एकदम आठवलं, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की वर बघवेना.

“पेन द्या.”

माझ्याकडे लाल पेनच होतं. मी तेच दिलं. त्यांनी ‘गप’ हा शब्द खोडला आणि वर बारीक, गोल अक्षरात लिहिलं, ‘एका पायावर, मोठ्यानं आकडे मोजत’. मग कार्ड उलटं करून दुसऱ्या ओळीवर लिहिलं, ‘सु. १९६१’. लिहिणं झालं. सर उठले आणि आपली खुर्ची त्यांना दिली.

मी डोळे पुसले आणि पर्समधून समितीचा कागद काढला. “सर, आता दोन साक्षीदार आहेत. मी सही करते.”

“करा,” सर म्हणाले. “पण आधी ते कार्ड पेटीतून बाहेर काढा.”

“अहो सर, आता कशाला? आता तर...”

“या कोशाचं नाव काय आहे, कोष्टीबाई?”

“वापरातून गेलेले इंग्रजी शब्द.”

“मग? हा शब्द वापरातून गेलेला नाही. या घरात तेवीस वर्षं दुसरं काय चाललंय?” ते काकूंकडे बघत होते. “मी आत, आणि ही दाराशी ट्रे घेऊन.”

कार्ड काकूंच्या हातात होतं. त्यांनी ते परत दिलं नाही, पदराखाली धरून ठेवलं. मी कागदावर सही केली. माझी अक्षरं तिरकी आली. तो कागद पुढे कोशाच्या पहिल्या पानावर तसाच छापला, आणि माझी ती तिरकी सही आजही तिथे आहे. कोशाच्या तीनशे प्रती निघाल्या. किती जणांनी उघडून पाहिल्या, मला माहीत नाही. आता सर नाहीत आणि काकूही नाहीत. मी स्वतः त्यांच्या वयाच्या पुढे गेले आहे. वह्या तपासणं सुटून कित्येक वर्षं झाली, पण नोकरीतल्या उरलेल्या काळात एखाद्या मुलीनं चुकीचं उत्तर लिहिलं की खोडण्याआधी मी तिला बोलावून विचारत असे, हे तुला कोणी सांगितलं? लाल शाई हे नाव त्यामुळे मागे पडलं की नाही, ते त्या मुलीच जाणोत.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, काम तसं काही उरलं नव्हतं. पेट्या बांधायच्या होत्या म्हणून मी गेले. खोलीत शिरले आणि थबकले. शहाबादी फरशीवर खिडकीपासून ओढत आणल्याचे पांढरे ओरखडे होते. दमेकरी माणसानं एकट्यानं सरकवावं एवढं ते टेबल हलकं नव्हतं, दोघांनी मिळूनच सरकवलं असणार. सरांची पाठ आता खिडकीला होती आणि तोंड दाराकडे.

“उजेड मागून येतो हो,” मी म्हटलं. “कागदावर तुमची सावली पडेल.”

“पडू दे,” सर म्हणाले.

चार वाजता काकू ट्रे घेऊन आल्या. चौकटीवर टकटक करायला त्यांनी हात उचललाही नसेल, तोवर सरांनी पेनला टोपण लावलं होतं आणि ते उठून दाराकडे निघाले होते.